सचिन की ब्रॅडमन? आधी प्रश्न ठरवा!
१६ नोव्हेंबर २०१३. वानखेडेच्या खेळपट्टीला नमस्कार करून सचिन निवृत्त झाला. आपल्या सारोळ्यात मात्र वाद अजून चालूच: आजवरचा सगळ्यात भारी बॅट्समन तोच ना?

आकडे काढले की गोची होते. सचिन: २०० कसोटी, १५,९२१ धावा, सरासरी ५३.७८. ब्रॅडमन: ५२ कसोटी, ६,९९६ धावा, सरासरी ९९.९४. नुसती सरासरी बघितली तर विषयच संपला! पण ब्रॅडमन फक्त इंग्लंड-ऑस्ट्रेलियातच कसोटी खेळले. सचिन २४ वर्षं, दहा देशांत खेळला. शिवाय वनडेत ४९ शतकं.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. आपल्या काळात इतरांपेक्षा सर्वात वरचढ कोण? ब्रॅडमन. सर्वात जास्त परीक्षा देऊन टिकला कोण? सचिन. आता भांडा खुशाल!