थांबलेल्या जात्याचा इतिहास

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या मार्गावर पनागर लागते. आज हा परिसर हिरव्या वाटाण्यासाठी नावाजलेला असला, तरी त्याची जुनी ओळख गव्हाच्या शेतीची आहे. काळ्या, कसदार जमिनीभोवती बांध घालून पावसाचे पाणी शेतातच साठवायचे, पावसाळा सरताना ते सोडून द्यायचे आणि जमिनीला वाफसा आला की गहू, हरभरा, मसूर पेरायची, या पद्धतीला येथे ‘हवेली’ म्हणतात. ब्रिटिश काळातील महसुली दप्तरांत या शेतीचे वर्णन सापडते. परंतु शेतातून घरात आलेल्या गव्हाची पुढची कथा त्या दप्तरांत नाही. पहाटेच्या अंधारात जात्यापुढे बसून त्या गव्हाचे पीठ कोणी केले, किती वर्षे केले आणि करताना ती काय म्हणत होती, याचा हिशेब सरकारने मागितला नाही आणि घरानेही ठेवला नाही.

जबलपूरच्या भूमीचा राजकीय इतिहास मात्र चांगलाच उजेडात आलेला आहे आणि त्यात मराठी विद्वानांचा वाटा मोठा आहे. कलचुरींची राजधानी त्रिपुरी, म्हणजे आजचे तेवर, येथे १९५२ मध्ये सागर विद्यापीठाच्या वतीने डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी उत्खनन केले. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवतातील कोरीव लेखांचे संपादन करून ते १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. राजांनी दिलेली दाने ताम्रपटांवर कोरली गेली, म्हणून ती आपल्याला वाचता आली. दळणाऱ्या बाईचा ताम्रपट कोणी कोरला नाही. तिचा इतिहास दगडावर पडलेल्या झिजेत, हाताच्या सवयीत आणि ओठांवरच्या ओवीत राहिला. असा इतिहास जतन करायचा तर केवळ वस्तू गोळा करून भागत नाही. ती वस्तू वापरलेली माणसे एकत्र यावी लागतात. जगभरातील चक्क्यांचा आणि त्यांच्या लहानमोठ्या संग्रहालयांचा अनुभव हेच सांगतो.

दळणाचे सर्वांत जुने साधन म्हणजे पाटा. खालच्या दगडावर वरचा दगड मागेपुढे घासून धान्य भरडले जाई. त्यानंतर गोल फिरणारे जाते आले आणि हा बदल लहान नव्हता. प्रवरेच्या काठी नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजने डॉ. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. ज्ञानेश्वरीमुळे महाराष्ट्राला पूज्य असलेल्या या गावाच्या मातीखालून हजारो वर्षांच्या वसाहतींचे थर निघाले. पुढे १९५९ मध्ये सांकलियांनी भारतातील फिरत्या जात्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. नाणी आणि शिलालेख यांच्याइतकेच लक्ष स्वयंपाकघरातील दगडाकडेही द्यावे, ही दृष्टी त्यामागे होती.

जात्याची रचना वरवर साधी दिसते. दोन तळ्या, मध्ये खुंटी, वरच्या तळीला वैरण घालण्यासाठी तोंड आणि फिरवण्यासाठी खुंटा. पण तळ्या झिजून गुळगुळीत झाल्या की पीठ जाडे पडते. मग टाकीवाल्याला बोलावून दगडाला टाकी लावून घ्यावी लागे. म्हणजे एका जात्याभोवती पाथरवट, टाकीवाले, दळणारी, वैरण घालणारी आणि उशाशी झोपलेली मुले असा एक लहानसा समाजच नांदत असे. पंढरपूरजवळ गोपाळपूर येथे संत जनाबाईंचे म्हणून दाखवले जाणारे जाते आजही वारकरी भक्तिभावाने पाहतात. प्रत्यक्ष विठ्ठल जनीला दळू लागला, ही कथा महाराष्ट्राच्या घराघरांत सांगितली गेली. दळणाचे कष्ट एकटीने उपसणे किती जड होते, हे त्या कथेमागचे सत्य आहे. देवाने हात लावावा असे वाटण्याइतके ते ओझे होते.

हे ओझे निसर्गाच्या शक्तीवर सोपवण्याचा एक देखणा प्रयत्न मराठवाड्यात आजही पाहता येतो. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ‘पाणचक्की’ आहे. मध्य आशियातून आलेल्या नक्शबंदी सूफी परंपरेचे हे स्थान. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील वास्तू आणि जलव्यवस्था आकाराला आली. शहराबाहेरच्या डोंगराळ भागातील पाणी जमिनीखालच्या नहरीने आणून उंच भिंतीत चढवले आणि तेथून हौदात सोडले. पाण्याच्या जोराने खालचे आडवे, पात्यांचे चाक फिरते आणि त्याच्या दांड्यावर बसवलेली वरची तळी फिरू लागते. या चक्कीचे पीठ फकीर, यात्रेकरू आणि आश्रयाला आलेले लोक यांच्या अन्नासाठी होते.

या स्थानाची दुसरी बाजू एका ग्रंथातून कळते. बाबा शाह मुसाफिर आणि त्यांचे गुरू बाबा पलंगपोश यांच्या आठवणी शिष्य शाह महमूद यांनी फारसीत लिहून ठेवल्या होत्या. इतिहासकार सायमन डिग्बी यांनी २००१ मध्ये त्यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यातून औरंगजेबाच्या दख्खन मोहिमेच्या काळातील सैनिक, व्यापारी, गरजू आणि प्रवासी यांचे रोजचे जीवन समोर येते. चक्कीचे चाक पर्यटकांना दिसतेच, पण त्या चाकाच्या पिठावर कोण जगत होते, हे कळायला कोणीतरी लिहून ठेवलेल्या आठवणी लागल्या.

पाण्यानंतर वारा. इराण आणि अफगाणिस्तान यांच्या सीमेवरील सीस्तान प्रदेशात उन्हाळ्यात सुमारे १२० दिवस सतत जोराचा वारा वाहतो. तेथील वाऱ्यावर चालणाऱ्या चक्क्यांचे उल्लेख दहाव्या शतकातील अरबी-फारसी भूगोलकारांनी केले आहेत. त्यांचा दांडा उभा असे आणि त्याभोवती पाती फिरत. युरोपात बाराव्या शतकात आडव्या दांड्याच्या, उंच पंख्यांच्या पवनचक्क्या दिसू लागल्या. भारतात धान्य दळणारी पवनचक्की फारशी रुजली नाही. आपल्याकडे पवनचक्की हा शब्द घरोघरी पोचला तो साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठारावर किंवा मध्य प्रदेशात देवास परिसरातील टेकड्यांवर वीज निर्माण करणारी उंच यंत्रे उभी राहिल्यावर. ती यंत्रे दाणाही दळत नाहीत. तरीही लोकांनी त्यांच्या नावात ‘चक्की’ कायम ठेवली. यंत्र बदलले, पण भाषेने आपली आठवण सोडली नाही.

पवनचक्कीच्या इतिहासाला वाहिलेले एक लहानसे संग्रहालय लंडनच्या नैर्ऋत्य भागात, विम्बल्डनच्या मोकळ्या माळावर आहे. टेनिसमुळे हे नाव सर्वांना परिचित आहे, पण तेथील पवनचक्की टेनिस स्पर्धेपेक्षा पुष्कळ जुनी. चार्ल्स मार्च या सुताराने ती १८१७ मध्ये उभारली. माळावर चालणाऱ्या गैरप्रकारांवर नजर ठेवण्याचे कामही चक्कीवाल्याकडे असे. १८४० मध्ये अर्ल ऑफ कार्डिगन या सरदाराने येथे पिस्तुलांचे द्वंद्वयुद्ध केले, तेव्हा चक्कीवाला थॉमस डॅन हाच कॉन्स्टेबल म्हणून पुढे आला होता.

१८६४ मध्ये या माळाचे मालक अर्ल स्पेन्सर यांनी माळाचा भाग कुंपणात घेऊन पवनचक्कीच्या जागी आपला वाडा बांधण्याचा बेत जाहीर केला. चक्कीचे दळण त्याच वर्षी बंद झाले आणि यंत्रसामग्री काढून टाकण्यात आली. मात्र आसपासच्या रहिवाशांनी या बेताला विरोध केला. गुरे चारण्याचे, सरपण नेण्याचे आणि मोकळेपणाने फिरण्याचे हक्क सोडायला ते तयार नव्हते. अखेर १८७१ च्या कायद्याने माळ लोकांसाठी कायमचा राखला गेला. रिकामी चक्की काही काळ सहा कुटुंबांचे राहते घर झाली. पुढे ती मोडकळीस आली, तेव्हा लोकवर्गणी उभी करून १८९३ मध्ये तिची दुरुस्ती झाली. बेडन-पॉवेल यांनी बालवीर चळवळीच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकाचा काही भाग १९०८ मध्ये याच आवारातील घरात लिहिला, हे शालेय वाचकांना विशेष वाटेल. १९७६ मध्ये चक्कीच्या पहिल्या मजल्यावर संग्रहालय सुरू झाले.

या संग्रहालयात पवनचक्क्यांच्या लहान प्रतिकृती आहेत, जुनी अवजारे आहेत. मुलांसाठी आणखी एक गोष्ट आहे. पाट्यासारखा दगड आणि हाताने फिरवायचे जाते तेथे ठेवलेले असते आणि मुले स्वतः गहू दळून पाहतात. लंडनचे मूल ज्याकडे नवलाने पाहते, ते साधन आपल्या घरांच्या मागील अंगणात तुळशीच्या कट्ट्याजवळ किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेले असते. तेथे ते संग्रहालयाचे भूषण आहे आणि आपल्याकडे अडगळ.

हॉलंडचा अनुभवही असाच बोलका आहे. एकेकाळी तेथे हजारो पवनचक्क्या होत्या. वाफ आणि वीज आल्यावर त्या झपाट्याने पडू लागल्या. नुसत्या भिंती आणि पंखे टिकवून उपयोग नाही, चक्की चालवणारा माणूस टिकला पाहिजे, हे तेथील लोकांना उमगले. १९७२ मध्ये स्वयंसेवी चक्कीवाल्यांचा संघ स्थापन झाला. वारा कसा ओळखावा, पंख्यांवर कापड कसे चढवावे, दगडाला टाकी कशी लावावी, हे नव्या पिढीला शिकवले जाऊ लागले. दरवर्षी मे महिन्यात ठरलेल्या दिवशी देशभरातील चक्क्या फिरवल्या जातात आणि गावेच्या गावे त्या पाहायला जमतात. २०१७ मध्ये युनेस्कोने चक्की चालवण्याच्या या कसबाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या मानपत्राचा विषय इमारत नव्हे, कसब होता.

महाराष्ट्रात हेच काम दगडाऐवजी ओवीपासून सुरू झाले. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून मुळशी-मावळच्या डोंगरातील स्त्रियांशी नाते जोडले. त्यातून १९८०च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे कार्य उभे राहिले. ते पुढे राज्यातील हजाराहून अधिक गावांत पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांपैकी अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. पॉइतवाँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या नंतरही हा ठेवा हरवला नाही. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने तो अनुवादासह वाचकांसमोर आणला आहे.

या संग्रहातील शोध कोणत्याही उत्खननाच्या तोडीचे आहेत. राजाच्या बाजूने सांगितले जाणारे रामायण ओवीत सीतेच्या दुःखाच्या बाजूने येते. माहेर, भाऊ, लेकीची पाठवणी आणि सासरचा जाच तर आहेच, पण बाजारभाव, शेतातली मजुरी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीची कृतज्ञताही आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात स्त्रियांनी गायलेल्या ओव्या दलित चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांना डावलता येणार नाहीत. ज्या स्त्रियांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्याजवळ एवढे साहित्य होते. आणि ते निघाले कसे? चार बायका जमल्या, मध्ये जाते ठेवले, खुंट्याला हात लागला आणि विसरलेल्या ओळी परत आल्या. हात फिरू लागल्यावरच ओठ बोलू लागले.

येथे एक सत्य निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. जाते थांबले, यात हळहळण्यासारखे काही नाही. पिठाची गिरणी गावात आली, तेव्हा बाईच्या पहाटेच्या झोपेचे तास वाढले, मुलीला शाळेत जायला वेळ मिळाला. जाते पुन्हा घराघरांत फिरावे, असे कोणीही म्हणणार नाही. पण कष्ट संपले म्हणून ते कष्ट उपसणाऱ्यांची स्मृतीही संपवावी, हा न्याय नव्हे. मुलगी पुस्तकापर्यंत पोचली ती आजीच्या जात्याजवळून उठून, हे तिला ठाऊक असले पाहिजे.

पुण्याचे दिनकर केळकर यांनी आपल्या अकाली गेलेल्या राजाच्या नावाने उभारलेले संग्रहालय गावोगाव हिंडून जमवलेल्या दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये अशा घरगुती वस्तूंनी भरले आहे. संग्रहालयासाठी राजवाडाच लागतो असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले. पनागर परिसरातील घरांत मराठीतले ‘जाते’ आणि बुंदेलीतली ‘चकिया’ शेजारी शेजारी नांदल्या आहेत. दोन्ही भाषांतील आज्या अजून बोलत्या आहेत. हे जाते कोणत्या दगडाचे, माहेरून आले की बाजारातून, त्याला टाकी कोण लावी, त्यावर काय दळले जाई आणि दळताना काय म्हटले जाई, एवढे पाच प्रश्न विद्यार्थ्याने आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला विचारून वहीत उतरवले, तरी एका लहानशा संग्रहालयाचा पाया घातला जाईल.

शाळेचा हीरक महोत्सव म्हणजे तीन पिढ्या एका अंगणात येण्याचा योग. आजी, आई आणि नात एकत्र जमतात तेव्हा मध्ये एक जाते ठेवावे आणि वैरणीची पहिली मूठ आजीला घालू द्यावी. तिला जे आठवेल, ते नातीने लिहून घ्यावे.