दुष्काळ, छावणी आणि शिरूरचा सत्पुरुष

ज्या दुष्काळी मुलखाला धनी उरलेला नाही, तेथे परक्याने फौज घेऊन यावे काय? डिसेंबर 1992 मध्ये सोमालियाच्या निमित्ताने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे आला. भीमा-घोडनदीकाठच्या आम्हां शिरूर-दौंडकरांना तो जुनाच आहे.

25 ऑक्टोबर 1802 रोजी होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. पळालेल्या बाजीरावांनी 31 डिसेंबरला वसईस इंग्रजांशी तह केला. सहा पलटणी घेतल्या व त्यांच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख तोडून दिला. मे 1803 मध्ये ते गादीवर परतले. कारभाराची घडी मात्र बसली नाही. मुलूख लुटला गेला होताच, त्यात पाऊस हुकला. 1803-04 च्या त्या घोर दुष्काळात जनरल वेलस्लीने नगरला धडधाकटांस काम व दुबळ्यांस अन्न दिले, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

पुढे या फौजेचा तळ शिरूरला पडला. तेथील कर्नल वॉलेस 1809 मध्ये वारला. लोक त्यास सत्पुरुष मानू लागले. सुगीत त्याच्या थडग्यापुढे नव्या धान्याचा नैवेद्य येऊ लागला. त्या भाबड्या हातांस आम्ही हसणार नाही.

परंतु दुष्काळ सरला तरी छावणी हलली नाही. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री याच शिरूरहून कॅप्टन स्टाँटन कोरेगावच्या वाटेने पेशव्यांविरुद्ध निघाला. 1818 मध्ये पेशवाई बुडाली.

मदतीस येणाऱ्याला ‘काय आणलेस?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘परत कधी जाणार?’ हेही विचारावे लागते. वसईच्या तहात त्याचे उत्तर स्पष्ट लिहिलेले होते : फौज कायमची राहील.