माईकची बहिरी बाजू

गाणाऱ्याचा आवाज यावा, पण प्रेक्षकांतला खोकला येऊ नये, यासाठी माईकची पाठ बहिरी लागते. ती मिळाली चक्क बेरजेतून! १९३०च्या दशकात अमेरिकेतील आरसीए कंपनीच्या हॅरी ओल्सन यांनी दोन प्रकारचे माईक एकत्र केले. एक चहूकडून सारखेच ऐकणारा. दुसरा पातळ धातूच्या फितीचा, पुढून आणि मागून ऐकणारा. मात्र मागच्या आवाजाचा विद्युतसंकेत उलट्या चिन्हाचा. मग समोर एक अधिक एक दोन, पाठीमागे एक वजा एक शून्य.

पण माईकचे तोंड कुठे, हे आधीच ठरवावे लागे. एकदा ध्वनिमुद्रण झाले की संपले. ही अट सैल केली १९७०च्या दशकात ऑक्सफर्डचे गणितज्ञ मायकेल गेरझन आणि पीटर क्रेव्हन यांनी. चौमुखी पिरॅमिडसारखे मांडलेले चार छोटे माईक घ्यायचे, चारही संकेत जपायचे आणि नंतर त्यांची हवी तशी बेरीज-वजाबाकी करून माईकचे तोंड हवे तिकडे वळवायचे. अर्थात चार माईक नेमके एकाच बिंदूवर बसत नाहीत. त्यामुळे फार उंच स्वरांत हे सोंग उघडे पडते.

गेरझन १९९६ साली, पन्नाशीतच गेले. आज ३६० अंशांच्या चित्रफितीत पाहणाऱ्याची मान वळते तसा आवाजही फिरतो, तो बहुधा याच चौपदरी हिशोबावर.