जुने इंजिन बांधताना कोणते भाग बदलावेत?

जुनी गाडी निळा धूर सोडू लागली, ऑइल पिऊ लागली की इंजिनाचे काम निघते. मग ‘सगळेच नवे टाका’ आणि ‘रिंगा बदलून भागवा’ असे दोन्ही टोकांचे सल्ले मिळतात. दोन्ही महागात पडू शकतात. भाग बदलायचा की ठेवायचा, हे मापाने ठरवावे.

उदाहरणार्थ, प्रीमियर पद्मिनीचे चार सिलिंडरचे १०८९ सीसी इंजिन घेऊ. कुर्ल्याला बनणाऱ्या या गाडीचे उत्पादन बंद होऊन वीसहून अधिक वर्षे झाली. त्यामुळे चांगला मूळ भाग भंगारात घालणे हेही नुकसानच.

इंजिन उघडण्यापूर्वी

प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. कमी आले तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेला असतो. वाढला नाही तर दोष बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये असतो.

न मोजता बदलायचे भाग

गॅस्केट, ऑइल सील, पिस्टन रिंगा आणि बेअरिंग. एकूण खर्चाच्या मानाने हे स्वस्त असतात, पण नंतर बिघडले तर सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते.

मोजून ठरवायचे भाग

बोअर: मूळ व्यास ६८ मिमी. झीज वरच्या टोकाजवळ सर्वाधिक होते. म्हणून बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन आडव्याउभ्या दिशांनी मोजतात. झीज मॅन्युअलमधील मर्यादेत असेल तर होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात. बोअर लंबगोल किंवा निमुळता झाला असेल तर नवी रिंग भिंतीला नीट टेकत नाही आणि गाडी लवकरच पुन्हा ऑइल पिऊ लागते. तिथे बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टनच टाकावे लागतात.

क्रँकशाफ्ट: मायक्रोमीटरने जर्नल मोजावेत. ओरखडे किंवा लंबगोलपणा असेल तर ग्राइंडिंग करून त्या मापाचे अंडरसाइज बेअरिंग बसवतात.

हेड: ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकते. सरळ पट्टी आणि फीलर गेजने ते तपासावे. व्हॉल्व्ह गाइडमध्ये डुगडुगत असेल तर नुसते व्हॉल्व्ह घासून उपयोग नाही.

कॅमशाफ्ट: नवा टाकायचा तर टॅपेटही नवे घ्यावेत. जुने टॅपेट नव्या कॅमला लवकर खातात.

खरेदीचा क्रम

आधी मोजमाप, मग खरेदी. बेअरिंगचे माप ग्राइंडिंगनंतरच पक्के होते. पिस्टनचे उलट आहे: लागणारे ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात घ्यावेत आणि ते मोजूनच बोअर करून घ्यावा. आधी बोअर केला आणि त्या मापाचे पिस्टन मिळाले नाहीत, तर ब्लॉक अडकून पडतो.