आजीची मिश्री आणि न उघडणारं तोंड

आरशासमोर उभे राहा आणि जमेल तेवढं तोंड उघडा. तीन बोटं उभी आत जातात का? तुमच्यापैकी बहुतेकांची सहज जातील. ज्यांची जात नाहीत आणि खिशात सुपारीची पुडी असते, त्यांनी हा लेख वाचून लगेच डेंटिस्टची अपॉइंटमेंट घ्यावी.

१९५२ साली श्वार्ट्‌झ या संशोधकाने पाच स्त्रियांच्या तोंडातल्या एका विचित्र आजाराची नोंद केली. या आजारात तिखट खाल्लं की आग होते, गालाचं आतलं अस्तर पांढरट आणि ताठ होत जातं, जबडा हळूहळू उघडेनासा होतो. त्या पाचही जणी भारतीय होत्या आणि राहत होत्या केनियात, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याच परदेशात. श्वार्ट्‌झने आजाराला जे लॅटिन नाव दिलं, त्यातच ‘कारण अज्ञात’ असा अर्थ होता. पुढच्याच वर्षी मुंबईच्या एस. जी. जोशींनी याच आजारावर लिहिलं. आज त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि कारण आता अज्ञात राहिलेलं नाही: सुपारी. तंबाखू नसलेली, नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्पष्ट म्हटलंय.

सुपारी आपल्याकडे फार जुनी. तंबाखू मात्र पाहुणी. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेगने ती विजापूरहून अकबराच्या दरबारात नेली. म्हणजे जिला आपण ‘पूर्वापार’ म्हणतो, ती जेमतेम चारशे वर्षांची.

माझी आजी तव्यावर तंबाखू भाजायची. घरभर उग्र वास, सगळ्यांना ठसका. मग ती पूड, म्हणजे मिश्री (कोकणात मशेरी), ती बोटाने हिरड्यांवर घासायची. आम्ही हसायचो. दात दुखला की तीच पूड दाढेत दाबून ती शेतावर जायची, हे मला खूप नंतर उमगलं. डेंटिस्ट तालुक्याला, एसटीचं भाडं वेगळं आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच.

अशा आज्यांची मोजदाद कुणी केली? टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाने. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन १,०१,७६१ लोकांची तोंडं तपासली. निष्कर्ष १९७२ मध्ये छापून आले. पुढे याच परंपरेतल्या संशोधकांनी केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना वर्षानुवर्षं भेटून समजावलं. अनेकांनी तंबाखू सोडली किंवा कमी केली, आणि कॅन्सरआधीच्या पांढऱ्या चट्ट्यांचं प्रमाणही घटलं. ‘खेड्यातली माणसं ऐकत नाहीत’ हे वाक्य तेव्हाच खोटं ठरलं होतं.

पण त्याच काळात गुटख्याच्या पुड्या आल्या. पानवाल्याकडे थांबायला नको, भिजवणं-कातरणं नको, शाळकरी मुलालाही परवडणारी किंमत. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी चोरटी विक्री थांबली नाही. साधी सुपारी तर वेम्बलीत आणि लेस्टरमध्येही दुकानात मिळते.

आता मोठं चित्र बघा. जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे, आणि दर चारांपैकी तीन जण मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. २०२० मध्ये ओठ व तोंडाच्या कॅन्सरचे जगभरात सुमारे ३.८ लाख नवे रुग्ण होते. त्यातले एक तृतीयांशाहून जास्त एकट्या भारतात. याला नुसतं ‘अडाणीपणा’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्या बाईला दाढदुखीवर दुसरं औषधच मिळालं नाही, तिच्या सवयीला आपण काय नाव देणार?

या रविवारी घरी व्हिडिओ कॉल कराल, तेव्हा एक गोष्ट विचारा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट सोसेनासं होणं, यातलं काही आहे का? असेल तर डॉक्टरांना दाखवायला सांगा, आणि रिक्षाचे, तपासणीचे पैसे तुम्ही पाठवा. मिश्रीबद्दल रागावू नका. आधी दात दुखतो का, ते विचारा. माझ्या आजीला ते आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.