आग आणि आघात

दिवाळीत मुले बाटलीत उभा करून जो फटाका आकाशात सोडतात, त्याला आपण बाण म्हणतो. आमचे कन्नड शेजारी धनुष्याच्या तीराला बाणच म्हणतात. बंदुकीच्या गोळीला मात्र त्यांचा शब्द आहे गुंडू, म्हणजे मुळात गोल दगड. जाळत जाणारा बाण आणि आदळणारा दगड, या दोन शब्दांत युद्धशास्त्राचा एक जुना प्रश्न दडला आहे. मोठे शस्त्र कोणते, आग की आघात?

हा प्रश्न मला बखरी वाचताना पडला नाही, तो घरातल्या नातवाने विचारला. १९९६ साली 'स्टार ट्रेक' मालिकेतला एक चित्रपट आला होता. त्यात अर्धे मानव आणि अर्धे यंत्र असलेले शत्रू आहेत. किरणांच्या बंदुकीने त्यांतले पहिले काही पडतात. मग उरलेले त्या किरणांची जात ओळखतात आणि पुढचा प्रत्येक किरण त्यांच्या अंगावरून वाया जातो. शेवटी जहाजाचा कप्तान जुन्या धाटणीच्या बंदुकीतून गोळ्यांचा वर्षाव करतो आणि ते कोसळतात. नातू म्हणाला, "आजोबा, एवढ्या पुढच्या काळातला किरण हरतो आणि जुनाट गोळी जिंकते, हे कसे?" मी त्याला म्हटले, याचे उत्तर आपल्या बिदरच्या किल्ल्यात आहे.

संतपुराहून बिदरला जाणाऱ्या आपल्या माणसाला किल्ला नवा नाही. खडकात खोदलेला तीनपदरी खंदक आणि बुरुजांवरच्या पोलादी पट्ट्या जोडून व कड्या चढवून घडवलेल्या प्रचंड तोफा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. परंतु १६५७ साली येथे जे घडले ते आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडते. मराठी पुस्तक रायगडाकडे वळते, कन्नड पुस्तक हम्पीकडे. मधला बिदर दोघांच्याही समासात राहतो.

१६१९ साली बरीदशाही संपून बिदर आदिलशाहीत गेले होते. १६५६च्या नोव्हेंबरात मुहम्मद आदिलशहा वारला. ती संधी साधून दख्खनचा सुभेदार शाहजादा औरंगजेब मीर जुमल्यासह मार्चच्या आरंभी बिदरवर चालून आला. किल्लेदार होता सिद्दी मरजान. वयाने थकलेला, परंतु तीस वर्षे हा किल्ला सांभाळून मुरलेला. त्याच्याजवळ सुमारे एक हजार स्वार आणि चार हजार पायदळ होते. त्या पायदळात बंदूकवाले, बाणवाले आणि गोलंदाज होते.

वेढा २७ दिवस चालला. मीर जुमल्याने तोफा खंदकाच्या काठापर्यंत भिडवल्या. आतून सिद्दीची माणसे गोळ्यांनी, बाणांनी आणि रात्रीच्या छाप्यांनी झुंजत होती. रोज आदळणाऱ्या गोळ्यांनी अखेर दोन बुरूज ढासळले आणि खालच्या तटाचा कठडा उद्ध्वस्त झाला. २९ मार्चला मोगल फौज त्या खिंडाराकडे धावली. त्याच वेळी एक गोष्ट घडली. मोगलांकडून सुटलेल्या एका अग्निबाणाची ठिणगी बुरुजामागे साठवलेल्या दारूवर आणि हातगोळ्यांवर पडली. भयंकर स्फोट झाला. सिद्दी मरजान, त्याचे दोन मुलगे आणि कित्येक शिपाई होरपळले. मरणपंथाला लागलेल्या सिद्दीने किल्ल्याच्या चाव्या औरंगजेबाकडे पाठवल्या आणि थोड्याच वेळात प्राण सोडला.

बिदर एका ठिणगीने पडले, असे सांगणे सोपे आहे. परंतु नीट पाहिले तर येथे दोन शस्त्रांनी दोन वेगळी कामे केली. दगडी तटावर शंभर बाण मारले असते तर शंभर काजळीचे डाग पडले असते. तट फोडला तो गोळ्याच्या आघाताने. बाणाला यश आले ते एवढ्याचसाठी, की त्याला जळणारी वस्तू आयती मिळाली. सिद्दीला मारणारी आग शत्रूची कमी आणि त्याच्याच कोठारातली अधिक होती. आगीला समोरच्याचे साहाय्य लागते. आघाताला ते लागत नाही.

हे आपल्या स्वयंपाकघरातही दिसते. मातीचे मडके भट्टीत भाजून निघालेले असते. चुलीवर ते वर्षभर तापते आणि त्याला काही होत नाही. त्यावर एक खडा नेमका बसू द्या, क्षणात खापऱ्या होतात.   

थोडा हिशेब करू. सैन्यातल्या ७.६२ मिलिमीटर रायफलीची गोळी सुमारे साडेनऊ ग्रॅमची असते आणि सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने सुटते. तिची ऊर्जा भरते सुमारे ३,३५० ज्यूल. एवढ्या ऊर्जेने १०० मिलिलिटर चहा जेमतेम आठ अंशांनी तापेल. लोखंड वितळवायला घेतले तर तीन ग्रॅमसुद्धा वितळणार नाही. तरीही हीच गोळी पत्रा भेदून आतली यंत्रणा मोडते. कारण ती आपली सगळी ऊर्जा नखाएवढ्या जागेत आणि सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशात ओतते. उष्णतेला पसरायला वेळ मिळतो, धक्क्याला मिळत नाही. शिवाय मोडणे हे वितळवण्यापेक्षा फार स्वस्त काम आहे. ओंडका कुऱ्हाडीने चार घावांत दुभंगतो. तोच जाळून दोन तुकडे करायचे म्हटले तर रात्र जाते.

किरणाचे शस्त्र आता केवळ कथेत राहिलेले नाही. १८९८ साली एच. जी. वेल्सने मंगळवासीयांच्या हाती उष्णकिरण दिला, तेव्हा ती कल्पना होती. १३ एप्रिल २०२५ रोजी आपल्याच दख्खनच्या पठारावर, कर्नूलच्या चाचणीक्षेत्रात, डीआरडीओने ३० किलोवॉटच्या लेझर शस्त्राने उडती चालकविरहित विमाने पाडून दाखवली. प्रकाशाच्या वेगाने जाणारा किरण चुकवता येत नाही, आणि विजेचा पुरवठा आहे तोवर तो संपत नाही, हे त्याचे मोठे गुण. पण गोळीएवढी ऊर्जा सोडायला ३० किलोवॉटच्या किरणालाही सेकंदाचा नववा भाग लागतो, आणि छिद्र पाडायला तो एकाच जागी काही काळ खिळवून धरावा लागतो. मध्ये धूर, धूळ, धुके आले की तो विरतो. पृष्ठभाग चकचकीत असेल तर बराच परत फिरतो. लक्ष्य स्वतःभोवती फिरत असेल तर एकच जागा तापत नाही. तो यशस्वी होतो ते हलक्या, जळाऊ, बॅटरी किंवा इंधन पोटात घेऊन उडणाऱ्या यंत्रांवर. म्हणजे कर्नूलचा किरणही बिदरच्या बाणासारखा शत्रूचे दारूकोठारच शोधत असतो.

आपल्या पुराणकारांनाही ही मेख ठाऊक असावी. महाभारतात आग्नेयास्त्राने पेटलेली आग वारुणास्त्र विझवते. अस्त्र जितके अद्भुत, तितका त्याचा उतारा ठरलेला. गदेला मात्र असा उतारा ऐकिवात नाही. गोळीलाही चिलखत असते, हे खरे. परंतु ते जाडीने आणि वजनानेच मिळते, आणि ते वजन अंगावर वाहावे लागते. चकचकीत पृष्ठभाग किरणाला बराच परत फिरवतो, तसा गोळीला फिरवत नाही.

म्हणून त्या चित्रपटातला प्रसंग मला पोरखेळ वाटत नाही. किरणाची जात ओळखता येते आणि तिच्यापुरती ढाल उभारता येते. गोळीला अशी जात नसते. तिच्याजवळ फक्त वजन आणि वेग आहे, आणि या दोहोंना ज्ञानाने नव्हे, तर वजनानेच अडवावे लागते.

नातवाचे समाधान झाले. मग त्याने दुसराच प्रश्न विचारला, "सिद्दी मरजानने ती दारू बुरुजामागे का ठेवली?" ठेवावीच लागली असणार. खिंडार पडल्यावर हल्ला तेथेच येणार होता, आणि रक्षणाचे साहित्य रक्षणाच्या जागीच लागते. तट मजबूत होता तोवर ती दारू त्याचे बळ होती. तट ढासळताच तीच त्याचे मरण झाली. २७ दिवस तोफांनी दगडावर घाव घातले, त्याचे फळ एका ठिणगीने नेले. पुढच्या खेपेस बिदरच्या त्या ढासळून पुन्हा बांधलेल्या तटाजवळून जाल, तेव्हा घटकाभर थांबा. विजेत्याचे नाव सर्वांना पाठ आहे. हरलेल्या त्या म्हाताऱ्या किल्लेदाराचे आणि त्याच्याबरोबर होरपळलेल्या माणसांचे स्मरण निदान आपण, या जिल्ह्यातल्या लोकांनी, मराठीत आणि कन्नडमध्ये, ठेवले पाहिजे.