वाघाची चाल किती घरांची?

कोपरगावात बोलायला बसलोय, तर सुरुवात इथल्या उसापासूनच करू. उसाच्या फडात बिबट्या राहतो, हे इथं कुणाला सांगायला नको. त्याच्यापुढे पळून माणूस जिंकत नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे. आता असं जनावर खेळात आणायचं, तर त्याला वेग किती द्यायचा? खराखुरा दिला, तर डाव मांडायच्या आधीच संपला.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ छापला. चारपाच जणांनी मिळून भुयारात उतरायचं, राक्षसांना तोंड द्यायचं, असा हा खेळ. त्यात वेग इंचांत मोजलेला आहे, कारण त्याचं मूळ टेबलावर शिपाई मांडून खेळायच्या युद्धखेळांत. अंगावर ओझं कमी असलेला माणूस १२ इंच चालतो, ओझ्याने लादलेला ६ इंच. आणि झॉम्बी, म्हणजे चालतं प्रेत, तेही ६ इंच. मोकळा माणूस निसटतो, लादलेला नाही. मग सोबत्याला मागे टाकून पळायचं का? एका आकड्याने सगळ्या टोळीपुढे हा पेच उभा केला.

हाच पेच आपल्याकडच्या वाघ-बकरीत आहे. या खेळाचे प्रकार बरेच. दक्षिणेत ३ वाघ आणि १५ बकऱ्या असतात. नेपाळात २५ घरांवर ४ वाघ आणि २० बकऱ्या. नेपाळी नियम पाहू. वाघ एका वेळी एकच घर चालतो, बकरीइतकाच! त्याचा जोर फक्त उडीत. शेजारी बकरी असेल आणि तिच्यामागचं घर सरळ रेषेत रिकामं असेल, तरच तो तिच्यावरून उडी मारून तिला खातो. मागे दुसरी बकरी उभी असली की उडी नाही. उलट बकऱ्यांना तर सगळ्या २० पटावर येईपर्यंत हलताही येत नाही.

म्हणजे बकरी पळून वाचत नाही, पाठीशी कुणी असलं तर वाचते. वाघाला कोंडायचं तेही सगळ्यांनी मिळून. आणि हा तोल किती नेमका आहे बघा: या शतकात संगणकाने हिशेब केला, तर दोन्ही बाजू अचूक खेळल्या की डाव बरोबरीत सुटतो असं निघालं. हा तोल कागदावर गणित मांडून काढलेला नाही, खेळता खेळता जमलेला आहे.

आता इतिहासाची अडचण. नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडात कोरलेले खेळांचे पट सापडले आहेत. पण लेणं जुनं म्हणून पटही तेवढाच जुना, असं म्हणता येत नाही. रेघा नंतर कुणीही ओढू शकतो. शिवाय रेघांवरून घरं मोजता येतात, चाल कळत नाही. पट दगडात राहतो, नियम मात्र खेळणाऱ्याच्या तोंडी. तो माणूस गेला की नियमही गेला.

म्हणून एक काम सांगतो. घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारा: तुमच्याकडे वाघ किती होते? किती बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकायचा? एका डावात दोन उड्या चालायच्या का? जे सांगतील ते गावाच्या नावासकट वहीत उतरवून ठेवा. आपल्या तालुक्यापुरतं तरी हे साधन आपणच जमवू.